वरचं कार्ड

आमच्या सरांबद्दल चांगलं बोलायचं असं ठरवून मी आजवर अनेकदा सुरुवात केली आहे, आणि दर वेळी दुसऱ्या वाक्यापाशी माझं डोकं फिरलं आहे.

ते प्रामाणिक होते, हे पहिलं वाक्य. दुसरं असं की एकदा राहुरीच्या स्टँडवर पुण्याची गाडी उशिरा आली, तेव्हा ‘उशीर का झाला’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय चढणार नाही, असं म्हणून ते दारापाशी उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, “साहेब, चढा की. वाटंत सांगतो.” सर म्हणाले, “आपण आधी सांगा.” कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी सुटली. त्या दिवशी पुण्यात आमची बैठक होती. बैठकीचे सगळे कागद सरांच्या पिशवीत होते आणि मी गाडीच्या आत होते.

संध्याकाळी परत आल्यावर मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, “टायर बदलत होते. डेपोत जाऊन विचारलं.” चेहऱ्यावर पूर्ण समाधान. बैठकीचं काय झालं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

हे बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासचं. राहुरीजवळ शेतीसंशोधनाचं एक ऑफिस होतं. ज्वारी-बाजरीचे नवे वाण ठिकठिकाणच्या रानांत पेरून बघायचे, कुठे काय उतारा आला त्याचे आकडे गोळा करायचे आणि कोणता वाण खरोखर चांगला ते हिशेबाने ठरवायचं, असं तिथलं काम. सर त्या हिशेबाच्या विभागाचे प्रमुख होते. मी बी.एस्सी. होऊन नुकतीच लागले होते. देवळाली प्रवऱ्याहून रोज एसटीने यायचे आणि दिवसभर कार्डं पंच करायचे. पोस्टकार्डापेक्षा लांबट, जाड कागदाची कार्डं. टाइपरायटरसारख्या मशीनवर बोटं चालवली की त्यांना चौकोनी भोकं पडत. त्या भोकांतून आमचे आकडे पुण्याच्या एका संस्थेतल्या कॉम्प्युटरला कळत. कॉम्प्युटर ही वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. घरी तर कुणाचाच विश्वास बसत नसे. आमची आई शेजारणींना सांगायची की आमची पोर सरकारी कागदांना भोकं पाडते.

पहिल्या दिवशी सरांनी मला बसायलाही न सांगता विचारलं, “आपल्याला चहा लागतो का?” मी लाजून म्हटलं, “बहुतेक वेळा लागतो.” झालं. पुढचा बराच वेळ ‘बहुतेक’ या शब्दावर भाषण. हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचं, ‘साधारण’ही तिथेच ठेवायचा आणि ‘असेल’ तर घरूनच आणायचा नाही. चहा मिळाला नाहीच.

सर सगळ्यांना ‘आपण’ म्हणत. मला, मोठ्या साहेबांना, शिपाई दगडूमामांना, आणि फाटकापाशी झोपणाऱ्या लाल कुत्र्यालासुद्धा. “आपण जरा बाजूला होता का?” असं ते त्या कुत्र्याला इतक्या अदबीने विचारत, की ते उठून जात असे. आम्ही हाड्-हाड् करून घसे कोरडे केले तरी ते ढिम्म हलायचं नाही, याचाही मला राग यायचा.

सायकलला ते कुलूप लावत नसत. कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडेही असू शकते, गाठ मात्र आपली असते, हे त्यांचं म्हणणं. म्हणून सायकल काथ्याच्या दोरीने लिंबाच्या बुंध्याला बांधायची आणि दोरीला अशी गाठ मारायची की बघणाऱ्याला घेरी यावी. ती सोडवायला त्यांना स्वतःलाही वेळ लागे. ऑफिस सुटलं, सगळे घरी पोचले, जेवायला बसले, तरी सर लिंबाखाली वाकून गाठीशी झगडत असत. दगडूमामा म्हणायचे, “चोराला न्यायची आसंल तर त्यो झाडच घिऊन जाईल.”

दाढ दुखली तेव्हा नगरच्या दाताच्या डॉक्टरांशीही त्यांचं वाजलं. डॉक्टरांनी दाढ काढली. सर म्हणाले, दुखत होती ती हीच, कशावरून? डॉक्टर म्हणाले, आता दुखतंय का? सर म्हणाले, आता सगळंच दुखतंय. हे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं, सुजलेल्या गालाने, आणि डॉक्टरला शास्त्र येत नाही असा निकालही दिला.

या सगळ्यापेक्षा जास्त छळलं ते त्यांच्या एका नियमाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खत बदललं तर पाणी बदलायचं नाही, पाणी बदललं तर बियाणं बदलायचं नाही. नाहीतर पीक कशाने आलं ते कळत नाही. रानात हे ठीक आहे. पण सर घरीदारी तसेच वागत. चहा गोड झाला म्हणून साखर कमी करायला सांगितली, की त्या आठवड्यात दूध नासकं आलं तरी ते बदलू द्यायचे नाहीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, “मी अजून माहेरी कशी गेले नाही, याचंच मला नवल वाटतं.” मला तर अजिबात नवल वाटलं नसतं.

आता त्या कार्डाची गोष्ट. तिच्यामुळे माझी नोकरी जायची वेळ आली होती.

पुण्याच्या यंत्राला आम्ही लिहिलेला हिशेब जसाच्या तसा समजत नसे. आधी त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागे. ते करणारी व्यवस्था यंत्रातच असायची, तिला कंपायलर म्हणत. पण ती आपणहून कामाला लागत नसे. तिला बोलवावं लागे, आणि ते बोलावणं एका कार्डावर पंच केलेलं असे. ते कार्ड गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवायचं. ते असलं की खालची शेकडो कार्डं भराभर वाचली जात. नसलं की सगळा गठ्ठा म्हणजे भोकं पडलेली रद्दी.

एरवी कार्डांचा खोका ऑफिसच्या जीपने पुण्याला जाई. त्या साली दुष्काळी कामांसाठी जीप काढून नेली. मग ठरलं की दर सोमवारी दगडूमामांनी खोका राहुरीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि तिकडून संस्थेच्या माणसाने शिवाजीनगरला उतरवून घ्यायचा. तेव्हा अशी पार्सलं सर्रास जायची. लोक डबे पाठवत, औषधं पाठवत, आमच्या गल्लीतल्या एकाने तर शेळीचं करडू पाठवलं होतं.

पहिल्या सोमवारी जामखेड आणि खर्ड्याच्या रानांतले ज्वारीचे आकडे गेले. गुरुवारी खोका परत आला, वर एकच कागद आणि त्यावर एकच ओळ. कंपायलरला बोलावणारं कार्ड नाही, त्यामुळे काम झालेलं नाही.

ते कार्ड मी स्वतः पंच केलं होतं, स्वतः वर ठेवलं होतं. पण खोक्यात बघितलं तर खरोखरच नव्हतं. मी म्हटलं, “सर, लगेच दुसरं पंच करते. एका मिनिटाचं काम.”

“करा,” सर म्हणाले. “पण पहिलं का गेलं?”

“पडलं असेल कुठेतरी.”

“असेल?”

मी मशीनकडे वळले आणि नवं कार्ड पंच केलं.

दुसऱ्या सोमवारी मी शहाणपणा केला. एकाऐवजी दोन कार्डं पंच केली, वर एक आणि त्याखाली अगदी तसंच आणखी एक. वरचं हरवलं तर खालचं उपयोगी पडेल, दोन्ही पोचली तर तिकडचा माणूस एक काढून टाकेल. कुणाला सांगितलं नाही. पण सर म्हणजे सर. खोका बंद व्हायच्या आत त्यांनी वरची दोन-चार कार्डं उजेडाकडे धरली आणि जादाचं कार्ड बाहेर काढलं.

“हे काय?”

“सर, सोबत असू दे. एक गेलं तर एक राहील.”

“मग पहिलं का गेलं, ते कसं कळणार?”

“कळायला कशाला हवंय? काम झाल्याशी कारण!”

हे मी जवळजवळ ओरडूनच म्हटलं. टायपिस्ट मुलगी टाइप करायची थांबली. सरांनी ते कार्ड शांतपणे खिशात घातलं आणि म्हणाले, “आपण गठ्ठ्यात शेवटच्या क्षणी हात घालता, हे आज समजलं.” ते निघून गेल्यावर मी उरलेला गठ्ठा पुन्हा एकदा उचलून पाहिला. कार्ड वर होतं. मी खोका लावला आणि दगडूमामांच्या हाती दिला.

गुरुवारी तोच कागद, तीच ओळ.

आता गोष्ट मोठ्या साहेबांपर्यंत गेली. त्यांना ज्वारीचा निकाल हवा होता, कारण रब्बीच्या पेरणीआधी जामखेडच्या कोरड्या पट्ट्यात कोणतं बियाणं द्यायचं ते ठरायचं होतं. मोठे साहेब चांगले होते, पण घाईचे होते. त्यांनी एका दमात निष्कर्ष काढला की नव्या बाईंच्या हातून कार्ड राहून जातंय. माझी नेमणूक तात्पुरती होती. महिनाअखेरीला नवी ऑर्डर निघायची होती. ती निघेल की नाही, अशी कुजबुज सुरू झाली.

घरी त्या नोकरीवर माझं सगळं अडून होतं. जामखेडकडचं एक स्थळ माझ्या सख्ख्या मामांनी आणलं होतं. मुलगा बघितला नव्हता, पण घरात पाण्याचा हंडा फार लांबून आणावा लागतो एवढं कळलं होतं. मामा घरी आले की पहिला प्रश्न, “काय मग, नोकरी हाय का अजून?” वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की पोरीला नोकरी आहे तोवर लग्नाचं काढायचं नाही. आहे तोवर. हे दोन शब्द मी रात्रंदिवस घोकत होते. कार्डाचं बालंट राहिलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की मामा बैठकीची तारीखच घेऊन येणार. आणि हे सगळं थांबवायला खोक्यात एक जादा कार्ड पुरेसं होतं, ते सरांच्या खिशात होतं.

ऑफिसातली माणसं वाईट नव्हती. डबा खाताना सगळे म्हणायचे, “आमचा विश्वास आहे हो तुमच्यावर.” टायपिस्ट मुलीने माझ्यासाठी चिंचेच्या गोळ्या आणल्या. दगडूमामा शपथेवर सांगत, “म्या सोताच्या हातानं दिला खोका कंडक्टरकडं. बाईंनी कार्ड घातल्यालं आसनारच.” सर तेवढे काही बोलत नसत. ते माझ्याकडे बघत आणि विचारात पडत. त्या बघण्याचा मला संताप यायचा.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी जाहीर केलं की या खेपेला फक्त एक गोष्ट बदलायची, ती म्हणजे दोरी. खोक्याला दोरी ते स्वतः बांधणार. मी म्हटलं, “मग कार्डही तुम्हीच ठेवा ना वर, म्हणजे माझ्यावरचा आळ तरी जाईल.” ते म्हणाले, “दोन गोष्टी होतील.” त्यांनी त्यांची ती सायकलवाली गाठ मारली आणि पुण्याला ट्रंककॉल लावला. ट्रंककॉल लागायला तेव्हा अर्धा दिवस जायचा आणि बोलायला मिनिटं मोजून मिळायची. सरांनी त्यातलं एकही मिनिट ज्वारीवर खर्च केलं नाही.

“खोका आला की दोरी गाठीपाशी कापू नका,” ते ओरडून सांगत होते. “दुसरीकडे कापा. गाठ मला परत पाठवा. हो, गाठ! नाही, कार्ड नाही. गाठ!”

गुरुवारी खोका आला, ती ओळ आली आणि वेगळ्या पुडीत दोरीचा तुकडा आला. सरांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “ही माझी गाठ नाही.”

साधी, दोन वेढ्यांची गाठ होती, किराणा दुकानात मारतात तशी. म्हणजे वाटेत कुणीतरी खोका उघडला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, “चला सर, मोठ्या साहेबांना सांगू या. माझी चूक नव्हती.”

“हे कुठे कळलं?”

“अहो, खोका कुणीतरी उघडलाय!”

“उघडलाय, एवढंच कळलं. उघडला तेव्हा कार्ड आत होतं का, हे कळलेलं नाही.”

मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. मला रडताना बघून ते गोंधळले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, “आपण पाणी प्या. पण मुद्दा राहतोच.”

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की आणखी एक खेप, बस. यात निकाल आला नाही तर ऑर्डर दुसऱ्याच्या नावाने निघेल. सर म्हणाले, “ठीक आहे.” तुमच्या बापाचं काय जातंय ठीक आहे म्हणायला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

चौथ्या सोमवारी सरांनी स्वतः वरचं कार्ड तपासलं, उजेडाकडे धरलं, ठेवलं, दोरी बांधली आणि मला म्हणाले, “आपणही चला.” आम्ही दोघं त्याच गाडीने निघालो. पण खोका मांडीवर घेऊ म्हटलं तर नाही. खोका नेहमीसारखाच दगडूमामांनी कंडक्टरकडे द्यायचा, आम्ही मागच्या बाकावर अनोळखी माणसांसारखं बसायचं आणि फक्त बघायचं. “आपण खोका धरून बसलो तर जे घडतं ते घडणारच नाही,” म्हणाले. मी खिडकीकडे तोंड करून बसले. सुप्याला गाडी थांबली तेव्हा ते चहाला उतरले नाहीत आणि मलाही उतरू दिलं नाही. बाहेर रान असं काळपट, कोरडं ठक्क पडलेलं होतं आणि मी मनातल्या मनात जामखेडच्या त्या न पाहिलेल्या घरातला हंडा भरत होते.

पुण्याच्या अलीकडे जकात नाका लागला. गाडी थांबली. नाक्यावरचा कारकून वर चढला, बोचकी-पेट्या चाचपत आला आणि ड्रायव्हरमागच्या आमच्या खोक्यापाशी थांबला.

“हे कुनाचं?”

“पार्सल हाय,” कंडक्टर म्हणाला. “कागदं हायेत. दर सोमवारचंच.”

“त्येच ते व्हय?” असं म्हणून कारकुनाने खोका बगलेत मारला आणि खाली उतरला.

मी ताडकन उठले. सरांनी छत्री आडवी धरून मला अडवलं. “थांबा. होऊ द्या.”

खिडकीतून दिसत होतं. कारकुनाने खोका टेबलावर ठेवला, गाठीशी थोडं झटला, मग वैतागून चाकूने गाठच कापून टाकली. झाकण उघडलं, सगळ्यात वरचं कार्ड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, टेबलाच्या खणात टाकलं, झाकण लावलं आणि दोरीला गाठ दिली. साधी, दोन वेढ्यांची.

“चोर!” मी खिडकीतून ओरडले. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी छत्रीखालून वाकून दाराकडे धावले आणि सर मागून “आपण पळू नका, आपण पळू नका,” करत आले.

कारकून बिचारा घाबरला. पन्नाशीचा, डोक्याला मफलर बांधलेला माणूस होता. “चोर कुनाला म्हंता, बाई? नवीन माल दिसला का नमुना ठिवायचा, आसा हुकूम हाय. ह्यो माल कशात धरायचा, कागदात का पुठ्ठ्यात, त्येच कळंना. साहेब आले म्हंजी दाखवायचा आन् इचारायचं.”

“मग विचारलं का?”

“साहेब आलंच न्हाईत अजून.”

म्हणून दर सोमवारी त्याने एक नमुना काढून ठेवला होता, नियमाला धरून, वरचा. मी पहिली तीन कुठे आहेत विचारलं. एक टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून घातलं होतं. दुसऱ्या कार्डाने तो तंबाखूसाठी डबीतला चुना काढत होता; कडेला पांढरे थर चढलेले. तिसरं खणात होतं आणि आजचं त्याच्यावर. माझी झोप, माझी नोकरी आणि मामांचं ते स्थळ, सगळं त्या टेबलाभोवती विखरून पडलेलं होतं. मला त्या माणसाच्या मफलरला धरून हिसडावंसं वाटत होतं.

सर मात्र त्याच्यासमोर स्टुलावर बसले. “आपलं बरोबर आहे,” ते त्याला म्हणाले. “आत काय आहे ते आम्ही वर लिहायला हवं होतं.” मग जकातीचे दर, नमुना म्हणजे किती, वरचाच का घेतात, असं सगळं विचारू लागले. तो माणूसही खुलला. इतक्या आपुलकीने त्याला कुणी कधी विचारलं नसावं. त्याने चहा मागवला. इकडे कंडक्टर खोका परत गाडीत ठेवून घंटी मारत होता. मी सरांची बाही ओढली, “सर, गाडी!” ते म्हणाले, “एकच शंका.” त्यांची शंका फिटेपर्यंत गाडी आमचा खोका घेऊन पुण्याकडे निघून गेली. चारही कार्डं आमच्यापाशी, गठ्ठा गाडीत.

त्यानंतरचं मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मीच रस्त्यात उभी राहून एक कांद्याचा ट्रक थांबवला. पोत्यांवर बसून आम्ही पुण्यात शिरलो आणि संस्थेत पोचलो, तेव्हा तिथला माणूस त्याच ओळीची चिठ्ठी लिहायला बसला होता. मी त्याच्या हातात कार्ड दिलं. त्याने ते गठ्ठ्यावर ठेवलं, गठ्ठा यंत्राच्या तोंडाशी लावला, आणि सगळी कार्डं खडखडत आत गेली. थोड्या वेळाने पलीकडच्या छपाईयंत्रातून लांबच लांब कागद निघायला लागला. जामखेड, खर्डा, सगळे आकडे ओळीने. मी तो कागद दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. अंगाला कांद्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर निकाल ठेवला आणि त्याच्या शेजारी ती जुनी तीन कार्डं मांडली, चुन्यासकट. काय घडलं ते क्रमाने सांगितलं. त्यात माझी बाजू घेतली नाही, माझ्याबद्दल चांगला शब्दही काढला नाही. फक्त कारकून काय करत होता ते सांगितलं. मोठे साहेब हसले, मला “सॉरी हं” म्हणाले आणि त्याच आठवड्यात माझी ऑर्डर निघाली. ऑफिसात सगळे म्हणाले, “आम्हाला माहीतच होतं.”

मला सरांचे आभार मानायचे होते. झालं गेलं सगळं विसरून मी त्यांच्या टेबलापाशी गेले. मला वाटत होतं की या माणसाने न बोलता माझ्यासाठीच एवढा आटापिटा केला. जादा कार्ड घालून काम भागलं असतं, निकाल आला असता, पण पहिल्या दोन खेपांचा डाग माझ्यावर कायमचा राहिला असता, हे त्यांनी ओळखलं असणार.

“सर,” मी म्हटलं, “माझी चूक नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?”

“नाही,” सर म्हणाले. “मला वाटत होतं, आपलीच चूक आहे. नाक्यापर्यंत तसंच वाटत होतं.”

“मग एवढं सगळं कशाला केलंत?”

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “अहो, वाटत होतं. माहीत कुठे होतं?”

आणि पुन्हा कागदात मान घातली.

मी तरातरा माझ्या मशीनपाशी आले आणि रागाच्या भरात चार कार्डं चुकीची पंच केली. माझ्यावर विश्वास असलेली सगळी माणसं आपापल्या खुर्चीवर बसून होती, चिंचेच्या गोळ्या देत होती. आणि मीच चुकले असं वाटणारा एकटा माणूस माझ्यासाठी नाक्यावर उतरला होता. हे माझ्या लक्षात यायला पुढे पुष्कळ दिवस जावे लागले. त्या संध्याकाळी मी घरी पोचले, चप्पल भिरकावली आणि आईला सांगितलं की नोकरी राहिली आहे, मामांना कळव, पण असल्या माणसाच्या हाताखाली मी आणखी एक दिवसही काम करणार नाही.

ते निवृत्त होईपर्यंत केलं.